दत्तकग्रहण, शुद्ध पैदाशीच्या पाळीव प्राण्यांचे

मालकाने सोडलेला, हरवलेला, पैदाशीतून बाद केलेला किंवा क्रूर वागणुकीतून सोडविलेला शुद्ध पैदाशीचा कुत्रा अथवा मांजर प्राणिबचाव संस्थेकडून रीतसर स्वीकारून त्याचे आजन्म पालन करणे, यास दत्तकग्रहण म्हणतात. पैदासकाराकडून किंवा दुकानातून पिलू विकत घेण्यास हा पर्याय आहे. ‘दत्तक’ हा शब्द येथे लाक्षणिक अर्थाने वापरला जातो. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ याच्याशी त्याचा संबंध नाही. कायद्याच्या दृष्टीने पाळीव प्राणी ही जंगम मालमत्ता असून दत्तकग्रहण म्हणजे त्या मालमत्तेचे काही अटींवर केलेले हस्तांतरण होय. तथापि इतर मालमत्तेप्रमाणे ती टाकून देण्याची मोकळीक मालकास नाही. प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० याच्या ११ व्या कलमानुसार वाजवी कारणाशिवाय प्राण्याला भूक वा तहान यांचा त्रास होईल अशा स्थितीत सोडून देणे हा गुन्हा आहे. दत्तकग्रहणाचा विचार या जबाबदारीपासूनच सुरू होतो.

शुद्ध पैदास : ज्या प्राण्याचे आईबाप एकाच जातीचे असून त्यांची वंशावळी नोंदलेली असते, त्यास शुद्ध पैदाशीचा प्राणी म्हणतात. कुत्र्यांच्या जाती फार जुन्या असल्या, तरी वंशावळींची पद्धतशीर नोंद एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाली. इंग्लंडमधील केनेल क्लब १८७३ मध्ये व अमेरिकेतील केनेल क्लब १८८४ मध्ये स्थापन झाला. भारतात हे काम केनेल क्लब ऑफ इंडिया ही संस्था करते. नोंदवहीतील प्राण्यांचाच आपसांत संयोग घडवून आणल्याने जातीची ठेवण टिकते. मात्र आनुवंशिक विविधता घटते व अप्रभावी दोष प्रकट होण्याचा संभव वाढतो. जर्मन शेफर्ड (अल्सेशियन) व लॅब्राडॉर यांमध्ये खुब्याच्या सांध्याची सदोष वाढ, डॅशहुंडमध्ये मणक्यांमधील चकत्यांचा विकार, डाल्मेशियनमध्ये जन्मजात बहिरेपणा व मूत्रखडे, पर्शियन मांजरात मूत्रपिंडात द्रवयुक्त पुटी होणे, असे विकार विशेष आढळतात. पगसारख्या चपट्या तोंडाच्या जातींत नाकपुड्या अरुंद व टाळूचा मऊ भाग लांब असल्याने श्वासोच्छ्वास कष्टाने होतो. हे दोष माणसाने केलेल्या निवडीचे फळ आहेत, हे लक्षात घेणे आवश्यक आहे.

केवळ रंगरूपावरून जात ठरविणे बहुधा विश्वसनीय नसते. दिसण्यावरून दिलेली जात व डीएनए तपासणीतून निघालेले वंशमिश्रण यांत अनेकदा तफावत पडते. त्यामुळे बचावसंस्थेकडील वंशावळीविना असलेल्या प्राण्यास ‘लॅब्राडॉर’ म्हटले जाते, तेव्हा त्याचा अर्थ ‘लॅब्राडॉरसारखा दिसणारा’ एवढाच घ्यावयाचा असतो. बाजारात कागदपत्रांशिवाय विकल्या जाणाऱ्या पिलांनाही हीच गोष्ट लागू पडते.

पैदास व बाजार : कुत्रीचा गर्भकाल सु. ६३ दिवसांचा असतो. पिलाच्या वयाच्या तिसऱ्या आठवड्यापासून सु. बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ त्याच्या स्वभावाच्या घडणीचा असतो. या काळात आई, भावंडे व माणसे यांच्या सहवासास वंचित झालेले पिलू पुढे भित्रे किंवा चावरे होण्याचा संभव असतो. जबाबदार पैदासकार पिलाची आई दाखवितो, आईबापांची आरोग्यतपासणी करतो, ग्राहकाला प्रश्न विचारतो आणि वेळ आल्यास दिलेला प्राणी परत घेतो. याउलट दलालामार्फत होणाऱ्या विक्रीत पिलू लवकर तोडले जाते, लांबचा प्रवास करते आणि निरनिराळ्या ठिकाणच्या पिलांबरोबर एका पिंजऱ्यात ठेवले जाते. पार्व्हो या विषाणुजन्य आतड्याच्या रोगाचा परिपाककाल बहुधा तीन ते सात दिवसांचा असतो. म्हणून विक्रीच्या वेळी टवटवीत दिसणारे पिलू घरी आल्यावर आठवड्याच्या आत रक्तमिश्रित हगवणीने दगावते, असा अनुभव पशुवैद्यांना वारंवार येतो.

भारतात या व्यवसायाचे नियमन करण्यासाठी प्राणिक्लेश प्रतिबंधक (श्वानपैदास व विपणन) नियम, २०१७ व पाळीव प्राण्यांच्या दुकानांसंबंधीचे नियम, २०१८ करण्यात आले. पहिल्या नियमांनुसार पैदासकाराने राज्य प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी करावयाची असते. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिलू विकता येत नाही. मादी १८ महिन्यांची झाल्याशिवाय तिचा पैदाशीसाठी उपयोग करता येत नाही. वर्षात एकापेक्षा अधिक व आयुष्यात पाचापेक्षा अधिक वेते घेता येत नाहीत आणि वयाच्या आठव्या वर्षानंतर तिच्यापासून पैदास करता येत नाही. ग्राहकाने नोंदणी-प्रमाणपत्र पाहावयास मागणे, हा नियम अंमलात येण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. वेतांची मर्यादा संपलेल्या माद्या हा बचावसंस्थांकडे येणाऱ्या शुद्ध पैदाशीच्या कुत्र्यांचा एक उगम आहे.

प्राणी निराधार होण्याची कारणे : नोकरीतील बदली, घरमालकाचा किंवा गृहनिर्माण संस्थेचा विरोध, मालकाचे आजारपण वा मृत्यू, घरात मूल जन्मणे, औषधोपचाराचा खर्च आणि वयात आलेल्या कुत्र्याचा न आवरणारा जोर, ही नेहमीची कारणे होत. लहान पिलाचे कौतुक सात-आठ महिन्यांत ओसरते; त्या सुमारास कुत्रा पूर्ण आकाराचा झालेला असतो, परंतु त्याला शिस्त लागलेली नसते. जातींच्या लोकप्रियतेच्या लाटाही यास कारणीभूत होतात. एका भ्रमणध्वनी कंपनीच्या २००३ पासूनच्या जाहिरातींमुळे भारतात पगला एकाएकी मागणी आली. कायद्यातील अनिश्चिततेचाही परिणाम होतो. केंद्र शासनाने १२ मार्च २०२४ च्या परिपत्रकाने २३ जातींच्या कुत्र्यांची आयात, पैदास व विक्री यांवर बंदी घालण्यास राज्यांना सांगितले होते. ते परिपत्रक कर्नाटक व दिल्ली उच्च न्यायालयांनी एप्रिल २०२४ मध्ये रद्द ठरविले.

घरात वाढलेला प्राणी रस्त्यावर टिकत नाही. गावातील देशी कुत्र्यांना आपापले क्षेत्र, अन्नाची ठिकाणे व वाहनांची रहदारी यांची सवय असते. पट्टा काढून सोडलेल्या पॉमेरेनियनला किंवा लॅब्राडॉरला यांपैकी काहीच ठाऊक नसते. स्थानिक कुत्री त्याला हुसकावतात व उपासमार, गोचीड आणि अपघात यांमुळे तो लवकरच खंगतो. ‘कुणीतरी सांभाळील’ या समजुतीने केलेली ही कृती बहुतेक वेळा मृत्युदंडच ठरते.

बचावसंस्थांचा उगम : लंडन येथे १८२४ मध्ये प्राणिक्लेश प्रतिबंधक संस्था स्थापन झाली व १८६० मध्ये मेरी टील्बी यांनी निराधार कुत्र्यांसाठी पहिले मोठे आश्रयस्थान काढले; ते १८७१ मध्ये बॅटर्सी येथे हलविण्यात आले. मुंबईत भटक्या कुत्र्यांचा प्रश्न याहूनही आधी ऐरणीवर आला होता. कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध ६ जून १८३२ रोजी पारशी समाजाने केलेला उठाव प्रसिद्ध आहे. पारशी धर्मात कुत्र्यास विशेष स्थान असल्याने हा विरोध तीव्र झाला होता. पुढे १८७४ मध्ये मुंबईत प्राणिक्लेश प्रतिबंधक संस्था निघाली आणि १८८३ मध्ये परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालयाची स्थापना झाली. स्वातंत्र्योत्तर काळात १९६० च्या अधिनियमान्वये भारतीय प्राणिकल्याण मंडळ १९६२ मध्ये अस्तित्वात आले. रुक्मिणीदेवी अरुंडेल या त्याच्या पहिल्या अध्यक्षा होत्या. मुंबईतील भटक्या कुत्र्यांच्या कल्याणासाठीची संस्था (१९८५) व पुण्यातील रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट (२००७) या महाराष्ट्रातील नंतरच्या काळातील संस्था होत.

विशिष्ट जातीपुरतेच काम करणाऱ्या बचावसंस्था पाश्चात्त्य देशांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाढल्या. शर्यतीतून निवृत्त झालेल्या ग्रेहाउंड कुत्र्यांना घर मिळवून देणाऱ्या संस्था हे त्याचे ठळक उदाहरण आहे. जातीचे स्वभावविशेष, रोग व गरजा यांची जाण असलेले लोक एकत्र आल्याने प्राणी व घर यांचा मेळ अधिक चांगला बसतो, हा अशा संस्थांचा लाभ होय. काही देशांनी कायद्यानेही या पद्धतीस चालना दिली आहे. कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०१९ पासून दुकानांना केवळ आश्रयस्थाने व बचावसंस्था यांच्याकडील कुत्री, मांजरे व ससे ठेवण्याची मुभा आहे. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२० पासून सहा महिन्यांखालील पिलू थेट पैदासकाराकडून किंवा आश्रयस्थानातूनच घ्यावे लागते. मधल्या व्यापाऱ्यास ते विकता येत नाही.

दत्तकग्रहणाची पद्धती : संस्थेकडे आलेला प्राणी प्रथम इतरांपासून वेगळा ठेवतात. त्याची तपासणी, जंतनाशन व लसीकरण करून निर्बीजीकरण करतात आणि काही काळ एखाद्या स्वयंसेवकाच्या घरी ठेवून त्याच्या स्वभावाचे निरीक्षण करतात. दत्तक घेऊ इच्छिणाऱ्याकडून अर्ज भरून घेतला जातो. घरातील माणसे, लहान मुले, अन्य प्राणी, दिवसाचा रिकामा वेळ आणि घर भाड्याचे की स्वतःचे, यांची विचारपूस होते. अनेक संस्था प्रत्यक्ष घर पाहतात. त्यानंतर काही दिवसांचा परिचयकाल देऊन करारपत्र केले जाते. पैदास न करणे, नियमित लस टोचणे, प्राणी परस्पर दुसऱ्यास न देणे आणि सांभाळणे अशक्य झाल्यास तो संस्थेलाच परत करणे, या करारातील मुख्य अटी असतात. शेवटची अट सर्वांत महत्त्वाची असून प्राणी पुन्हा निराधार होऊ नये, याची हमी तिच्यात असते. संस्था घेत असलेले शुल्क ही प्राण्याची किंमत नसून झालेल्या वैद्यकीय खर्चाची अंशतः भरपाई असते.

ओळख पटावी म्हणून मानेच्या कातडीखाली भाताच्या दाण्याएवढी सूक्ष्म चकती (मायक्रोचिप) बसवितात. तिच्यातील १५ अंकी क्रमांक यंत्राने वाचता येतो. चकती हरवलेला प्राणी शोधून काढीत नाही. तो सापडल्यावर मालक कोण, एवढेच सांगते. म्हणून मालक बदलताच त्याचे नाव व पत्ता नोंदीत बदलून घेणे अगत्याचे असते.

निवड व आरोग्य : दत्तक घेतलेला प्राणी बहुधा वयाने मोठा असतो. यास अनेक जण उणीव मानतात; वस्तुतः तोच त्याचा गुण होय. पिलू पुढे केवढे होईल, कसे वागेल व त्यास कोणता आनुवंशिक विकार जडेल, हे कोणीच सांगू शकत नाही. दोन-तीन वर्षांच्या कुत्र्याचा आकार, आवाज, मुलांशी वागणूक व सांध्यांची स्थिती मात्र डोळ्यांसमोर असते. पूर्वीचा इतिहास अज्ञात असल्याने काही दोष उशिरा उघड होतात, ही गोष्टही तितकीच खरी आहे. फटाके, झाडू, टोपी घातलेला माणूस किंवा अन्नाचे ताट यांवरून एखादा कुत्रा बिथरतो. नव्या घरी रुळण्यास साधारणपणे काही आठवडे ते तीन महिने लागतात. त्या काळात प्राण्यास एक शांत कोपरा, ठराविक वेळी अन्न व फिरणे द्यावे. पाहुण्यांची गर्दी टाळावी आणि लहान मुलांना त्याच्याजवळ एकटे सोडू नये.

अलर्क रोगाची (पिसाळ रोगाची) लस दरवर्षी टोचणे अनिवार्य मानावे. शिवाय डिस्टेंपर, पार्व्हो, संसर्गजन्य यकृतशोथ व लेप्टोस्पायरोसिस यांवरील लसी द्याव्यात. गोचिडांमुळे होणारे एर्लिकिओसिस व बॅबेसिओसिस हे ताप भारतात सर्वत्र आढळतात. म्हणून नव्याने आणलेल्या कुत्र्याचे रक्त एकदा तपासून घेणे इष्ट असते. लहान जातींचे कुत्रे सामान्यतः १२ ते १५ वर्षे व अवाढव्य जातींचे ८ ते १० वर्षे जगतात. त्यामुळे घेण्यापूर्वी तेवढ्या काळाचा विचार करणे आवश्यक ठरते.

भंडारा जिल्हा : मोठ्या शहरांबाहेर हा विषय कसा वेगळे रूप घेतो, हे पूर्व विदर्भातील भंडारा जिल्ह्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. पहिला मुद्दा हवामानाचा. वैनगंगेच्या खोऱ्यातील या भातपिकाच्या व तलावांच्या जिल्ह्यात मे महिन्यात तापमान ४५° से.च्या आसपास जाते. कुत्र्यास घाम जवळजवळ येत नाही. धापा टाकून, तोंडातील व नाकातील ओलाव्याच्या बाष्पीभवनानेच तो शरीर थंड ठेवतो. त्याचे शरीराचे सामान्य तापमान सु. ३८° ते ३९° से. असते व ते ४१° से.च्या वर गेल्यास उष्माघाताने प्राण जाण्याचा संभव असतो. दाट दुहेरी केसांचे सायबेरियन हस्की व सेंट बर्नार्ड, तसेच चपट्या तोंडाचे पग यांना येथील उन्हाळा विशेष घातक ठरतो. अशा जातीचा निराधार कुत्रा पूर्वीच येथे असेल, तर त्यास थंड खोली, सावली व भरपूर पाणी देऊ शकणारे घर शोधावे. हौसेसाठी या जातीचे नवे पिलू येथे आणणे मात्र समर्थनीय नाही. पावसाळ्यात बांध्यांमधील साचलेल्या पाण्यामुळे लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो व दमट हवेत गोचीड वाढतात. हे दत्तक घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

दुसरा मुद्दा अंतराचा. भंडारा शहर नागपूरपासून राष्ट्रीय महामार्गाने सु. ६० किमी. आहे. नागपूर येथे १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय असून २००० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही तेथेच आहे. गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियेसाठी वा तपासणीसाठी तेथवर जाण्याची तयारी असावी लागते. साकोली किंवा लाखांदूर तालुक्यातील कुटुंबास हे अंतर आणखी वाढते. म्हणून जुनाट आजार असलेला प्राणी दत्तक घेताना उपचाराचे ठिकाण आधी निश्चित करावे. नागपूरहून प्राणी आणावयाचा झाल्यास प्रवास पहाटे किंवा रात्री करावा आणि उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत तो क्षणभरही ठेवू नये. जवाहरनगर येथील आयुधनिर्माण कारखान्यासारख्या आस्थापनांतील ज्या नोकरदारांची बदली होऊ शकते, त्यांनी प्राणी बरोबर नेता येईल की नाही, याचा निर्णय तो आणण्यापूर्वीच करावा.

तिसरा मुद्दा वन्य जीवांचा. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प (२०१३) व कोका अभयारण्य यांचे क्षेत्र या जिल्ह्यात आहे. जंगलालगत सोडून दिलेला कुत्रा बिबट्याचे भक्ष्य होतो किंवा स्वतः हरणांच्या पाडसांमागे लागतो. लस न टोचलेल्या कुत्र्यांमधील डिस्टेंपर हा रोग वन्य मांसाहारी प्राण्यांनाही होतो; गीर येथील सिंहांमध्ये २०१८ मध्ये या विषाणूचा प्रादुर्भाव झाला होता. त्यामुळे ‘जंगलात सोडणे’ हा उपाय प्राण्याच्या व वनाच्या, दोहोंच्याही दृष्टीने अपायकारक आहे.

जिल्हापातळीवर संस्थात्मक सोय असावी, असे कायद्याचेही धोरण आहे. प्राणिक्लेश प्रतिबंधक संस्थांच्या स्थापनेविषयीच्या २००१ च्या नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्यात अशी संस्था स्थापन करणे व तिला आजारी आणि निराधार प्राण्यांसाठी निवारा उपलब्ध करून देणे, हे राज्य शासनाचे कर्तव्य आहे. कुत्रा सांभाळणे अशक्य झालेल्या मालकास विचारण्यासाठी एक ज्ञात ठिकाण असले, तर पट्टा काढून सोडण्याचे प्रकार पुष्कळ कमी होऊ शकतात. असे ठिकाण चालण्यासाठी पशुवैद्यकीय दवाखाना, नगरपरिषद व काही इच्छुक कुटुंबे यांचे सहकार्य पुरेसे असते. मोठ्या इमारतीची आवश्यकता नसते.

आक्षेप व मर्यादा : दत्तकग्रहण म्हणजे सर्व पैदाशीस विरोध, असा समज योग्य नाही. मुधोळ, कारवान व पश्मी यांसारख्या दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातील शिकारी जाती टिकावयाच्या असतील, तर जाणकार पैदासकारांची गरज राहणारच. अंधांना वाट दाखविणे, स्फोटकांचा शोध घेणे अशा कामांसाठीही वंश व संगोपन माहीत असलेली पिले लागतात. घरातील सोबतीसाठी मात्र वंशावळीचा काही उपयोग नसतो. दुसरा आक्षेप असा, की शुद्ध पैदाशीच्या प्राण्यांस प्राधान्य दिल्याने देशी कुत्र्यांकडे दुर्लक्ष होते. यात तथ्य आहे. पूर्व विदर्भाच्या हवामानास देशी कुत्रा कोणत्याही आयात जातीपेक्षा अधिक अनुरूप असून त्याच्यात आनुवंशिक विकारही तुलनेने कमी असतात. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात रस्त्यावरील कुत्री दत्तक घेण्यासाठी इच्छुकांना महानगरपालिकेकडे अर्ज करण्याची मुभा दिली आहे. असा कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही, याची जबाबदारी त्यांच्यावरच ठेवली आहे. काही व्यापारी ‘दत्तक’ या नावाखाली पिलांची विक्री करतात, हाही एक धोका आहे. सतत लहान पिलेच उपलब्ध असणे, मोठे ‘शुल्क’ मागणे, निर्बीजीकरण व करार यांचा आग्रह नसणे आणि प्राण्याविषयी एकही प्रश्न न विचारणे, ही त्याची लक्षणे होत.

१९६० च्या अधिनियमाने प्राणी सोडून देण्याच्या पहिल्या गुन्ह्यास १० ते ५० रु. एवढाच दंड ठरविला. एवढ्या दंडाने कोणी परावृत्त होण्याचा संभव नाही. तेव्हा या प्रश्नाची सोडवणूक मुख्यतः प्राणी घेण्यापूर्वीच्या विचारावर अवलंबून राहते. माणसाने आपल्या आवडीप्रमाणे घडविलेल्या आणि त्यामुळेच माणसाशिवाय न टिकणाऱ्या जातींच्या बाबतीत ही जबाबदारी विशेष आहे. आधीच जन्मलेल्या व घर गमावलेल्या प्राण्यास प्रथम जागा देणे, हा ती पार पाडण्याचा सरळ मार्ग होय. [→ कुत्रा, मांजर].